जिनमधल्या वासाची ओळख पटवणारे ओटो वालाख

जिन हे मद्य ज्यांनी कधी चाखले नाही त्यांच्याही नाकाला त्याचा वास कोठे ना कोठे लागलेला असतो. लग्नकार्यात, हॉटेलात किंवा शेजाऱ्याच्या व्हरांड्यावर कोणी ग्लास हातात घेऊन बसलेले असते आणि वाऱ्याबरोबर एक थंड, हिरवट, किंचित कापरासारखा, किंचित लिंबाच्या सालीसारखा वास येतो. हा वास मद्यार्काचा नव्हे. तो जुनिपर नावाच्या काटेरी झुडपाच्या फळांचा आहे. फ्रेंच भाषेत या झुडपाला जनिएव्र म्हणतात. डच लोकांनी त्याचे येनेव्हर केले आणि इंग्रजांनी तेच नाव आखडून जिन केले. आपल्या आयुर्वेदात हेच झुडूप हपुषा या नावाने आहे आणि त्याची फळे पोटाच्या दुखण्यांवर सांगितली आहेत. आपल्या बेटाच्या हवेत ते वाढत नाही. त्याला उत्तरेकडची थंडी लागते. युरोपच्या माळांवर आणि हिमालयाच्या उतारांवर ते मुबलक आहे.

वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर भाषेत ही फळे नव्हेतच. पाइनच्या झाडाला जसे लाकडी शंकू येतात तसेच हे शंकू. फक्त त्यांचे खवले मांसल होऊन एकमेकांना चिकटतात आणि दिसायला बोराएवढे निळेकाळे फळ तयार होते. ते पिकायला दोन ते तीन वर्षे लागतात. त्यामुळे एकाच फांदीवर हिरवी आणि पिकलेली फळे शेजारी शेजारी असतात आणि तोडणाऱ्याला निवडून तोडावी लागतात. जिन करणारा साध्या, बिनवासाच्या मद्यार्कात ही फळे, धने, अँजेलिकाची मुळी, लिंबू-संत्र्याची साल असे काहीबाही घालून तो मद्यार्क पुन्हा उकळतो आणि त्याची वाफ थंड करून घेतो. गावठी दारूच्या बाबतीत पहिल्या धारेचीचा मोठा बोलबाला असतो. जिन करणारा मात्र पहिली धार बाजूला काढतो, शेवटची धार बाजूला काढतो आणि मधली तेवढी ठेवतो. वासाची द्रव्ये एकदम येत नाहीत, एकामागून एक येतात, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

जिनचा शोध लायडेनच्या सिल्व्हियस नावाच्या वैद्याने लावला अशी एक गोष्ट पुष्कळ पुस्तकांत सापडते. ती खरी मानणे कठीण आहे. सिल्व्हियस १६१४ साली जन्मला आणि १६२३ साली छापलेल्या एका इंग्रजी नाटकात या मद्याचे नाव आलेले आहे. नऊ वर्षांच्या मुलाने मद्य शोधले असे म्हणावयाचे असेल तर गोष्ट वेगळी. तो वाद राहू द्या. या मद्याला वास देणारी द्रव्ये नेमकी कोणती, ती कशी ओळखावी आणि एकमेकांपासून कशी वेगळी धरावी, ही वाट मात्र कोणी पाडली याबद्दल वाद नाही. तो मान ओटो वालाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा आहे.

वालाख यांचा जन्म २७ मार्च १८४७ रोजी कोनिग्सबर्ग येथे झाला. हे शहर तेव्हा प्रशियात होते. आज ते रशियात असून त्याचे नाव कालिनिनग्राड आहे. वडील सरकारी अधिकारी होते. त्यांचे घराणे मूळचे ज्यू, पण ख्रिस्ती धर्मात आलेले. सरकारी नोकरीत बदल्या आल्याच. कुटुंब आधी स्टेटिनला आणि मग बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमला गेले, आणि ओटोचे शिक्षण तेथल्या शाळेत झाले. त्या काळच्या जर्मन शाळांत लॅटिन आणि ग्रीक यांचे राज्य होते, विज्ञानाला कोपऱ्यात जागा असे. या मुलाला दोन गोष्टींचे वेड लागले: कलेचा इतिहास आणि रसायनशास्त्र. पहिले त्याने पुस्तकांतून आणि चित्रांतून भागवले. दुसऱ्यासाठी घरातच बाटल्या, नळ्या मांडून प्रयोग सुरू केले. आईवडिलांनी ते चालू दिले, ही त्यांची मोठी देणगी म्हटली पाहिजे. ही दोन्ही वेडे त्यांना जन्मभर पुरली.

१८६७ साली ते गटिंगेनला शिकावयास गेले. तेथे व्होलर होते, प्रयोगशाळेत युरिया तयार करून दाखवल्याबद्दल ज्यांचे नाव आजही शाळेच्या पुस्तकात असते तेच. एक सत्र त्यांनी बर्लिनला होफमान यांच्याकडे काढले आणि पुन्हा गटिंगेनला परतले. प्रयोगशाळा सकाळी सातला सुरू होई आणि संध्याकाळी पाचला गॅस बंद केला जाई. त्यानंतर काम करावयाचे तर मेणबत्तीच्या उजेडात. अशा शिस्तीत वालाख यांनी अवघ्या पाच सत्रांत, १८६९ साली, ह्यूबनर यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली. वय बावीस.

पुढची तीन वर्षे मात्र विस्कळीत गेली. बर्लिनमध्ये काही काळ मदतनीस म्हणून काढल्यावर १८७० साली ते बॉन येथे ऑगस्ट केकूले यांच्याकडे गेले. बेंझिनचे सहा कार्बनांचे कडे सुचवणारे केकूले त्या वेळी युरोपातील पहिल्या प्रतीच्या रसायनशास्त्रज्ञांत गणले जात. पण त्याच वर्षी फ्रान्सशी युद्ध सुरू झाले आणि वालाख यांना बॉन सोडावे लागले. युद्धानंतर त्यांनी बर्लिनच्या एका नव्या रंगांच्या कारखान्यात नोकरी धरली. हाच कारखाना पुढे ॲग्फा या नावाने छायाचित्रांच्या फिल्मसाठी जगभर ओळखला गेला. ॲनिलीन रंगांचा धंदा तेव्हा जोरात होता आणि हुशार तरुणाला त्यात पैसा मिळण्यासारखा होता. पण वालाख यांची प्रकृती मुळातच नाजूक. कारखान्यातील विषारी वाफा त्यांना सोसेनात. १८७२ साली ते नोकरी सोडून बॉनला परतले, ते तेथेच सतरा वर्षे राहिले.

धंद्याचे दार असे प्रकृतीने बंद केले. विद्यापीठातही मोठी जागा लगेच मिळण्यासारखी नव्हती. केकूले यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस, मग बिनपगारी व्याख्याते, मग १८७६ साली दुय्यम प्राध्यापक, अशी ही पायरीपायरीची चढण होती. या काळात त्यांनी क्लोरल, इमिडाझोल, ॲझो रंग अशा निरनिराळ्या विषयांवर चांगले काम केले. एक-दोन अभिक्रियांना आजही त्यांचे नाव आहे. पण हे काम त्या काळच्या दहा-वीस हुशार जर्मन तरुणांपैकी कोणीही केले असते. माणसाला स्वतःचा विषय सापडला नव्हता.

तो सापडला १८७९ साली, आणि तोही नको असलेल्या कामातून. विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकवणाऱ्याची जागा रिकामी झाली आणि ते वर्ग वालाख यांच्या गळ्यात पडले. हा त्यांचा विषय नव्हता. ते शिकलेले शुद्ध सेंद्रिय रसायन. औषधविक्रेत्यांची मुळ्या, साली, अर्क आणि तेले यांची दुनिया त्यांना परकी होती. आमच्या शिक्षकी पेशात अशी वेळ पुष्कळांवर येते. वेळापत्रकात एक रकाना रिकामा असतो आणि तो भरावयाचा म्हणून गणितवाल्याला भूगोल दिला जातो. बहुतेक जण एक धडा पुढे वाचून वेळ मारून नेतात. वालाख यांनी तसे केले नाही. विद्यार्थ्यांपुढे उभे राहण्यापूर्वी हा माल स्वतः समजून घ्यावा म्हणून त्यांनी औषधी तेलांची पुस्तके काढली, आणि त्यांच्या लक्षात आले की येथे कोणालाच काही नीट समजलेले नाही.

प्रयोगशाळेत एक जुने कपाट होते. केकूले यांनी कधी काळी अभ्यासावयाचे ठरवून निरनिराळी सुगंधी तेले मागवली होती आणि त्यांच्या बाटल्या त्या कपाटात बंदच्या बंद राहिल्या होत्या. कित्येक वर्षे कोणी त्यांना हात लावला नव्हता. वालाख यांनी त्या वापरण्याची परवानगी मागितली. केकूले यांनी ती दिली, पण यातून काही निष्पन्न होईल असे आपल्याला वाटत नाही हेही त्यांनी लपवले नाही. त्यांना दोष देता येत नाही. रसायनशास्त्राचा हा कोपरा म्हणजे तेव्हा चिखल होता.

तो चिखल कसा होता ते सांगावयास हवे, नाही तर वालाख यांनी काय केले ते कळणार नाही. वनस्पतीची पाने, साली, फळे वाफेत उकळली की वाफेबरोबर तेल येते. त्या तेलाचे पृथक्करण केले की पुष्कळदा एकच सूत्र मिळे: दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजन. टर्पेंटाइनमधून हेच, लिंबाच्या सालीतून हेच, युकॅलिप्टसमधून हेच, जुनिपरमधूनही हेच. पण वास वेगळे. उत्कलनबिंदू वेगळे, तेही दोन-चार अंशांनीच. काही तेले प्रकाशाची पातळी उजवीकडे फिरवीत, काही डावीकडे, काही मुळीच फिरवीत नसत. मग प्रत्येक संशोधक आपल्या तेलातून निघालेल्या द्रव्याला नवे नाव देऊन मोकळा होई. लिंबातले ते सिट्रीन, संत्र्यातले हेस्पेरिडीन, शहाजिऱ्यातले कार्व्हीन, युकॅलिप्टसमधले युकॅलिप्टीन, कायापुटीमधले कायापुटीन, रबर तापवून मिळालेले काऊचीन. जितकी झाडे तितकी नावे. ही खरोखर वेगवेगळी द्रव्ये आहेत, की एकाच द्रव्याचे अशुद्ध नमुने आहेत, हे सांगण्याचे साधनच कोणाजवळ नव्हते. तेल हे तेल असते. ते दुसऱ्या तेलात मिसळते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

वालाख यांची युक्ती सांगायला सोपी आहे, करायला मात्र अतिशय चिकाटीची. तेल ओळखता येत नसेल तर त्याचे खडे करावेत. या द्रव्यांचा स्वभाव असा की ब्रोमीन, हायड्रोजन क्लोराइड, नायट्रोसिल क्लोराइड अशी साधी द्रव्ये त्यांना चटकन जडतात. जडली की तेलाऐवजी पांढरे स्फटिक मिळतात. स्फटिक धुता येतात, पुन्हा पुन्हा विरघळवून शुद्ध करता येतात आणि शुद्ध झाले की एका ठराविक तपमानालाच वितळतात. तो आकडा म्हणजे त्या द्रव्याचा अंगठा. यातील नायट्रोसिल क्लोराइडचा उपयोग आधी इंग्लंडच्या टिल्डन यांनी केला होता. वालाख यांनी तो सोपा आणि भरवशाचा करून सगळीकडे चालवला.

एक उदाहरण घेऊ. संत्र्याच्या सालीच्या तेलाला ब्रोमीन जोडून त्यांनी स्फटिक केले. ते १०४ ते १०५ अंश सेल्सियसला वितळले. लिंबाच्या आणि शहाजिऱ्याच्या तेलाचेही तसेच स्फटिक आले आणि तेही तेथेच वितळले. म्हणजे हेस्पेरिडीन, सिट्रीन, कार्व्हीन ही तीन नावांची एकच वस्तू निघाली. तिला लिमोनीन म्हणावे असे ठरले. पण रबरापासून मिळणाऱ्या, आणि तापवलेल्या टर्पेंटाइनपासून मिळणाऱ्या द्रव्याचे स्फटिक १२४ ते १२५ अंशांना वितळत. त्याला डायपेंटीन म्हणत. ते प्रकाश फिरवीत नसे. हे निराळे द्रव्य म्हणावे, तर बाकी सारे वागणे लिमोनीनसारखे. वालाख यांना देवदाराच्या जातीच्या एका झाडाच्या सुयांच्या तेलात डावीकडे फिरवणारे लिमोनीन सापडले. उजव्याचे आणि डाव्याचे स्फटिक त्यांनी समान वजनाने घेऊन एकत्र विरघळवले. नवे स्फटिक खाली बसले. ते १२४ अंशांना वितळले. डायपेंटीन म्हणजे दुसरे तिसरे काही नसून उजव्या आणि डाव्या लिमोनीनचे निम्मे निम्मे मिश्रण होते. उजव्या आणि डाव्या पायातल्या चपला एकाच मापाच्या, एकाच कातड्याच्या असतात, तरी एकीची जागा दुसरी घेत नाही. आणि जोड लागला की तो वेगळीच वस्तू असल्यासारखा वागतो. ते साल होते १८८८. माझ्या मते वालाख यांच्या सगळ्या कामात हा प्रयोग सर्वांत देखणा आहे. त्यात तराजू, काचेचे भांडे आणि तापमापक यांपलीकडे काही लागले नाही.

या विषयावरचा त्यांचा पहिला लेख १८८४ साली आला तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते. पुढच्या चार-पाच वर्षांत नावांचे ते जंगल कापून आठ-नऊ खऱ्या द्रव्यांवर आले. या सगळ्या कुळाला टर्पीन हे नाव रूढ झाले. टर्पेंटाइनमधील मुख्य द्रव्याला त्यांनी पायनीन म्हटले, आणि जुनिपरच्या तेलाचा जो हलका, आधी उकळणारा भाग, तोही मुख्यतः हेच पायनीन आहे हे त्यांनी सुरुवातीच्याच कामात दाखवले. जिनचा ग्लास नाकाशी नेताच पाइनच्या झाडाची आठवण होते ती उगाच नव्हे; दोहोंत एकच द्रव्य आहे. याच पायनीनपासून आज कारखान्यांत कापूर तयार होतो. गणपतीच्या आरतीला आपण ताटात जो कापूर लावतो तोही पुष्कळदा कापराच्या झाडाचा नसून टर्पेंटाइनमधल्या पायनीनचा केलेला असतो.

जुनिपरचे कुळ वालाख यांच्या कामात आणखी एकदा येते. दक्षिण युरोपात जुनिपरची एक जात आहे, तिच्या लाकडापासून काळे, धुरकट वासाचे तेल काढतात. त्याला केड तेल म्हणतात आणि पूर्वी ते कातडीच्या रोगांवर लावीत. त्यातील एक जड, उशिरा उकळणारे द्रव्य वालाख यांनी स्फटिकांच्या वाटेने पकडले आणि केड या शब्दावरून त्याला कॅडिनीन हे नाव दिले. या द्रव्यात दहाच्या जागी पंधरा कार्बन असतात. जिनच्या जुनिपर फळांच्या तेलातही ही कॅडिनीनची मंडळी थोड्या प्रमाणात आहेत. पुढे सॅबिनीन हे आणखी एक द्रव्य सेमलर या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने जुनिपरच्याच एका जातीवरून नाव देऊन पुढे आणले. सेमलर आणि वालाख हे याच क्षेत्रातले समकालीन. आज एका थेंबातली द्रव्ये यंत्रातून पाठवून कागदावर उमटवता येतात. जुनिपरच्या तेलाच्या अशा कागदावर पायनीन, सॅबिनीन, मर्सीन, लिमोनीन, टर्पिनीन, टर्पिनीन-४-ऑल, कॅडिनीन अशी डझनांनी शिखरे दिसतात. त्या शिखरांना जी नावे आहेत त्यांतली बरीच वालाख यांच्या काळात, त्यांच्या किंवा त्यांच्या बरोबरीच्यांच्या हातून ठरलेली आहेत.

१८८७ साली त्यांनी आणखी एक गोष्ट ओळखली. रबर तापवले की आयसोप्रीन नावाचे पाच कार्बनांचे लहान द्रव्य मिळते, आणि दोन आयसोप्रीन जोडले गेले की डायपेंटीन होते, हे आधी दिसलेले होते. वालाख यांच्या ध्यानात आले की ही सारी टर्पीने म्हणजे याच पाच कार्बनी विटेची बांधकामे असावीत. दोन विटांचे पायनीन आणि लिमोनीन, तीन विटांचे कॅडिनीन. पुढे झुरिकच्या रुझिका यांनी हा विचार पक्का नियम म्हणून मांडला आणि त्यांना १९३९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१८८९ साली वालाख गटिंगेनच्या रासायनिक संस्थेचे संचालक झाले. ज्या प्रयोगशाळेत त्यांनी मेणबत्तीच्या उजेडात डॉक्टरेट केली होती तेथेच ते व्होलर यांच्या गादीवर बसले. ते १९१५ पर्यंत तेथे होते. लग्न त्यांनी केले नाही. दिवस प्रयोगशाळेत आणि मोकळा वेळ चित्रांच्या संगतीत जाई. टर्पीनांवरील त्यांच्या लेखमालेत शंभराहून अधिक लेख आहेत. १९०९ साली त्यांनी आयुष्यभराचे काम सुमारे सहाशे पानांच्या टर्पीने आणि कापूर या ग्रंथात एकत्र केले आणि तो आपल्या विद्यार्थ्यांना अर्पण केला. अर्पणपत्रिकेत राजेरजवाड्यांची नावे घालण्याची रीत अजून पुरती गेली नव्हती, म्हणून हे लक्षात राहते. त्यांच्याकडे एक वर्ष काढून गेलेले वॉल्टर हॉवर्थ हे इंग्रज विद्यार्थी पुढे साखरेच्या आणि क जीवनसत्त्वाच्या कामाबद्दल १९३७ साली नोबेलचे मानकरी ठरले.

वालाख यांना स्वतःला ते पारितोषिक १९१० साली मिळाले, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. निवड करताना शास्त्राबरोबर उद्योगधंद्यालाही त्यांच्या कामाचा झालेला उपयोग विचारात घेतला गेला. सुगंधी तेलांचा धंदा तोपर्यंत नाकावर आणि विश्वासावर चालत असे. गुलाबाच्या तेलात स्वस्त तेल, लिंबाच्या तेलात टर्पेंटाइन मिसळणे ही रोजची बाब होती. वालाख यांच्या पद्धतीने तेलात काय आहे आणि काय नाही हे दाखवता येऊ लागले, आणि कृत्रिम सुगंध तयार करण्याची वाटही खुली झाली. ज्याला कारखान्याच्या वाफा सोसल्या नाहीत त्याच्या कामावर कारखाने उभे राहिले.

सगळेच त्यांचे बरोबर निघाले असे नाही. त्यांच्या आठ-नऊ द्रव्यांत सिल्व्हेस्ट्रीन नावाचे एक होते, काही पाइनच्या तेलांतून मिळालेले. त्याचा छडा भारतात लागला. जॉन लायोनेल सायमनसेन हे इंग्रज प्राध्यापक मद्रासला शिकवीत होते. भारतीय विज्ञान परिषद सुरू करणाऱ्या दोघांपैकी ते एक. नंतर ते डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत गेले. हिमालयातील चीड पाइनच्या टर्पेंटाइनमध्ये त्यांना १९२० च्या सुमारास कॅरीन हे नवे टर्पीन मिळाले, आणि पुढे हे स्पष्ट झाले की सिल्व्हेस्ट्रीन झाडात असतच नाही. तेलातील कॅरीनवर हायड्रोजन क्लोराइड सोडले की ते त्यापासून तयार होते. खडे करण्याच्या ज्या युक्तीने वालाख यांनी बाकीची द्रव्ये पकडली, तिनेच येथे एक नवे द्रव्य घडवून त्यांच्या हातात ठेवले होते. कॅरीनही जुनिपरच्या तेलात थोडेसे असते. सायमनसेन यांनी भारतात सुरू केलेली ही टर्पीनांची परंपरा पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चालली. १९५० साली सुरू झालेल्या या संस्थेत सुगंधी तेलांचा स्वतंत्र विभाग होता, आणि सुख देव यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाने त्याच चीड पाइनमधील लाँगिफोलीन या पंधरा कार्बनी द्रव्यावर तेथे जगन्मान्य काम केले. आता गेल्या काही वर्षांत गोव्यात हिमालयातील जुनिपर वापरून जिन होऊ लागली आहे आणि तिच्यापैकी एकीचे नाव हपुषा असेच आहे. चरकाच्या शब्दाला बाटलीवर चिकटवलेले पाहून जुन्या वैद्यांना काय वाटले असते कोण जाणे.

पुन्हा गटिंगेनकडे वळू. १९१४ साली महायुद्ध पेटले. जर्मन प्रयोगशाळांतील तरुण मदतनीस आघाडीवर गेले. वालाख यांचे सहा मदतनीस मारले गेले. ज्यांच्यासाठी ग्रंथ अर्पण केला होता त्यांच्याच पिढीची ही मुले होती. स्फटिक धुण्याचे, वितळबिंदू घेण्याचे त्यांचे हात वालाख यांनी स्वतः तयार केले होते. १९१५ साली, अडुसष्टाव्या वर्षी, ते संचालकपदावरून निवृत्त झाले. त्यांच्या जागी ॲडॉल्फ विंडाउस आले. विंडाउस यांनीही पुढे कोलेस्टेरॉलच्या कुळातील द्रव्ये आणि ड जीवनसत्त्व यांच्यावरील कामाबद्दल १९२८ साली नोबेल मिळवले.

निवृत्तीनंतर वालाख आणखी पंधरा-सोळा वर्षे गटिंगेनमध्येच राहिले. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी, चौऱ्याऐंशी पूर्ण व्हायला महिना राहिला असता, त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, १९३३ साली, त्याच विद्यापीठातून माक्स बोर्न, एमी नोएथर अशा ज्यू घराण्यांतल्या प्राध्यापकांना काढून टाकण्यात आले. वालाख यांच्या वडिलांचे घराणेही मूळचे ज्यू होते, हे वर आलेच आहे. ते दिवस त्यांना पाहावे लागले नाहीत.

गटिंगेनच्या शहरी दफनभूमीत त्यांची समाधी आहे. माक्स प्लांक, ओटो हान, नेर्न्स्ट, फॉन लाउए यांच्यासह एकूण आठ नोबेल मानकरी तेथे आहेत. गटिंगेनने ज्यांना घालवले त्या माक्स बोर्न यांचेही दफन शेवटी तेथेच झाले, आणि विंडाउसही तेथेच आहेत.